पुढच्या शॉकअपचं ऑइल सील: गॅरेजात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा लागला की आमच्या नाशिकच्या मखमलाबाद रोडच्या गॅरेजात पंक्चरच्या खालोखाल गर्दी असते ती ‘पुढून ऑइल येतंय’ म्हणणाऱ्यांची. त्यातले निम्मे पहिल्यांदाच आलेले असतात. उरलेल्या निम्म्यांनी दोन-तीन महिन्यांपूर्वीच कुठेतरी सील बदललेलं असतं आणि ते परत गळायला लागलेलं असतं. हे लिहिलंय ते जास्त करून या दुसऱ्या मंडळींसाठी.

खालची माहिती १०० ते १६० सीसीच्या साध्या गाड्यांची आहे. स्प्लेंडर, शाइन, प्लॅटिना, युनिकॉर्न, जुनी पल्सर, असं ते घराणं. बाकीच्यांचं शेवटाकडे थोडक्यात सांगितलंय.

शॉकअप गळतोय हे नक्की कसं ओळखायचं?

कोरड्या फडक्याने दोन्ही पाईप पुसा. पाईप म्हणजे चमकणारा, क्रोम केलेला भाग, जो खालच्या ॲल्युमिनियमच्या बॉटम केसमध्ये आत-बाहेर होतो. मग गाडी स्टँडवरून काढा, पुढचा ब्रेक दाबून धरा आणि हँडलवर जोर देऊन दहा-पंधरा वेळा खाली-वर करा. आता पाईप बघा. बोट फिरवल्यावर जेमतेम चिकट लागेल इतका पातळ थर असणं साहजिक आहे. सीलचा ओठ तेलावरच सरकतो, तो अगदी कोरडा राहत नाही. पण पाईपवर तेलाची गोल रेघ उठली, तिच्यावर धूळ बसून काळं कडं झालं, किंवा ओघळ बॉटम केसवर उतरला, तर सील गळतंय.

बरेच जण फक्त एकच बाजू बघतात. दोन्ही बघा.

खड्ड्यात पुढून टकटक आवाज येतो. सील गेलं असेल का?

बहुतेक नाही. पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे हलवा आणि दुसरा हात हँडलच्या मधल्या दांड्याशी, टाकीच्या पुढे ठेवा. तिथे ‘टक’ लागलं तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, ढिलं झालंय. हे काम वेगळं आणि सीलपेक्षा आधी करायचं. शॉकअपमध्ये ऑइल अगदीच संपलं असेल तर तोही वाजतो, पण त्याचा आवाज बोदा असतो आणि ब्रेक मारला की गाडी नाक खुपसल्यासारखी पुढे बसते.

ऑइल वरून नाही, खाली ॲक्सलजवळ थेंब थेंब पडतंय.

मग सीलचा दोष नाही. बॉटम केसच्या तळाला खालून एक ॲलन बोल्ट असतो आणि त्याच्याखाली तांब्याचा वॉशर. तो वॉशर जुनाच परत वापरला किंवा बोल्ट नीट आवळला नाही की तिथून थेंब येतो. वॉशर किरकोळ पैशांत मिळतो, पण तो बदलायला चाक काढावंच लागतं. म्हणूनच सील बदलताना तो न विसरता नवीन घालायचा असतो.

सील मुळात जातं कशामुळे?

सील हे नायट्राइल रबराचं कडं आहे, आत पत्र्याची रिंग आणि ओठामागे केसासारखी बारीक गोल स्प्रिंग. त्याचं काम एवढंच, पाईप वर-खाली होताना तेल आत ठेवायचं. त्याच्या वर डस्ट सील असतं, ते माती बाहेर ठेवतं. स्वच्छ, गुळगुळीत पाईपवर हे रबर वर्षानुवर्षं चालतं. उगाच मरत नाही, त्याला कोणीतरी मारतं.

मारणारे दोन. एक माती. डस्ट सील उन्हाने कडक होऊन त्याला चिरा पडल्या की पावसात चिखलाचं पाणी आत जातं आणि वाळूचा कण ओठाखाली अडकतो. पेठ रोडला, दिंडोरीकडे, किंवा सिंहस्थाच्या तोंडावर शहरात जिथे जिथे रस्ते खोदून ठेवलेत तिथे रोज जाणाऱ्यांचं हेच होतं.

दुसरा खुद्द पाईप. पुढच्या चाकाने उडवलेले खडे पाईपच्या समोरच्या बाजूवर बसतात, क्रोमचा टवका उडतो आणि खालचं लोखंड उघडं पडतं. तिथे गंज धरतो आणि त्याचा खड्डा होतो. टाचणीच्या टोकाएवढा असला तरी त्याची कड धारदार असते. मग रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यात गाडी आदळते तेव्हा ती कड सीलच्या ओठावरून किसणीसारखी फिरते. अशा पाईपवर जगातलं सगळ्यात महाग सील बसवलं तरी दोन महिन्यांचीच गोष्ट.

गिरणाऱ्याकडचे एक द्राक्षबागायतदार नाना आमच्याकडे येतात. एका वर्षात त्यांचं तिसरं सील गेलं होतं, तेही फक्त डाव्या बाजूचं. आल्या आल्या म्हणाले, “तुमच्या सीलातच दम नाही राहिला आता.” मी पाईप पुसून नखाने चाचपला. नख तीन ठिकाणी अडकलं. मडगार्डवर आणि पाईपच्या वरच्या भागावर निळसर डाग होते. म्हटलं, “नाना, मोरचूद कुठे बांधून नेता?” तर म्हणे, “हे काय, हँडललाच पिशवी अडकवतो.” पावसात भिजलेली मोरचुदाची पिशवी डाव्या हँडलला, आणि ते निळं पाणी सरळ खालच्या पाईपवर. मोरचूद लोखंडाला खातं, हे बागाईतदाराला मी काय सांगायचं. लोखंडी बादलीत बोर्डो कालवायचं नाही हे त्यांना बापजाद्यांपासून ठाऊक. पण गाडीचा पाईपही लोखंडच आहे हे लक्षात आलं नव्हतं. नवा पाईप टाकला, पिशवी मागच्या कॅरिअरवर गेली, आणि ते सील अजून चालू आहे.

पाईपला खड्डे आहेत. घासून चालेल की नवाच लागेल?

खड्डा कुठे आहे त्यावर. पाईपचा जो भाग दोन टींच्या, म्हणजे पाईप पकडणाऱ्या वरच्या आणि खालच्या ब्रॅकेटच्या, मध्ये झाकलेला असतो तिथे गंज असला तरी सील तिथवर कधीच जात नाही, सोडून द्या. सील ज्या भागावर फिरतं तो खालचा चार-सहा बोटांचा पट्टा महत्त्वाचा.

तिथे नुसता डाग असेल, नख अडकत नसेल, तर १५०० किंवा २००० नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून पाईपभोवती गोल फिरवत घासा. वर-खाली घासू नका, लांबीत ओरखडे पडले की तेल त्याच रेघांनी बाहेर चढतं. नख अडकत असेल तर आधी कडेची धार मारा, मग खड्ड्यात अरल्डाइट भरून वाळल्यावर घासून सपाट करा. हे आम्ही करतो, पण गिऱ्हाइकाला सांगून करतो: एक मोसम निघेल, आयुष्य निघणार नाही. खड्डे पाच-सहाच्या वर असतील तर पाईप बदला. हार्ड क्रोम करून आणायचं का, असं खूप जण विचारतात. मोठ्या किंवा जुन्या, पाईप न मिळणाऱ्या गाडीसाठी ते ठीक आहे. स्प्लेंडरला नव्या पाईपचा खर्चच कमी पडतो.

आणखी एक: गाडी कधी समोरून ठोकली असेल तर पाईप वाकलाय का ते बघाच. पाईप काढून जाड काचेवर हळू गोल फिरवायचा. खालून उजेड कमी-जास्त दिसला की वाकलाय. वाकलेल्या पाईपवर सील एका बाजूला दाबलं जातं आणि तिथेच झिजतं.

सील न बदलता गळती थांबते का?

कधी कधी थांबते, आणि आधी हाच प्रयोग करावा. डस्ट सील स्क्रूड्रायव्हरने हळूच वर उचलून पाईपवर सरकवा. आत माती दिसेल, ती ब्रशने काढा. जुन्या एक्स-रेच्या फिल्मची बोटभर पट्टी कापा, टोकाला छोटा आकडा ठेवा, ती पाईप आणि सीलच्या मधून आत सरकवा आणि पाईपभोवती एक फेरी मारून बाहेर ओढा. ओठाखालचा कण सोबत निघतो. पुसा, पंधरा वेळा दाबा, दोन दिवस चालवून बघा. ज्यांच्या गाडीला नुकतीच गळती लागलीय त्यांच्यापैकी काहींचं काम इथेच होतं. कारण माती होती, सील नव्हतं. पट्टी पत्र्याची वापरू नका, ओठ कापला जाईल.

गळत असताना गाडी चालवली तर काय होतं?

गाडी चालते. प्रश्न ब्रेकचा आहे. डिस्कची गाडी असेल तर ओघळ कॅलिपरवर उतरतो, तिथून डिस्क आणि पॅडवर. तेल प्यायलेलं पॅड कितीही घासलं, पेट्रोलने धुतलं, तरी नीट पकडत नाही; ते बदलायचंच. डिस्क मात्र ब्रेक क्लिनरने पुसली की पुरते. कसारा घाट उतरताना पुढचा ब्रेक हाताशी नसणं ही गंमत नाही. ज्या बाजूला डिस्क आहे तिथूनच गळत असेल तर काम लांबवू नका.

एकाच बाजूचं बदललं तर चालेल?

सील एकाचं चालेल. ऑइल दोन्हीकडचं बदलावंच लागतं, नाहीतर दोन शॉकअप दोन तऱ्हेने चालतात. मग दुसरं खोललंच आहे तर त्याचंही सील घाला. जोडीच मिळते.

ओरिजनल घ्यायचं की लोकल?

ओरिजनल, किंवा चांगल्या नावाच्या कंपनीचं. फरक दोन मिसळींच्या बिलाइतकाच असतो, आणि सील बदलायची मजुरी सीलपेक्षा जास्त आहे. लोकल सीलचं रबर कडक असतं, उन्हाळ्यातच ओठ आकसतो.

सीलवर तीन आकडे छापलेले असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. १०० ते १२५ सीसीच्या बऱ्याच गाड्यांचा पाईप ३० किंवा ३१ मिलीमीटरचा असतो, आणि हा एका मिलीमीटरचा फरक डोळ्यांना कळत नाही. दुकानात नुसतं ‘शाइनचं द्या’ म्हणू नका. गाडीचं साल सांगा, आणि जमलं तर जुनं सील खिशात घेऊन जा. डस्ट सीलही नवीन घ्या. लोक तिथे पैसे वाचवतात आणि मग नव्या सीलच्या डोक्यावर फाटकी छत्री धरतात.

घरी करता येईल का? काय काय लागतं?

मेन स्टँडची गाडी असेल, हाताला सवय असेल आणि अख्खा रविवार मोकळा असेल तर येईल. आमच्याकडे दीड-दोन तासांत होतं, तुम्हाला पहिल्यांदा अर्धा दिवस धरा. नेहमीचे रिंग पाने, गाडीनुसार ६ किंवा ८ चा लांब ॲलन टी-पाना, स्क्रूड्रायव्हर, प्लास्टिकची हातोडी, मोजणीचा पेला (औषधाच्या बाटलीवरचा नाही, तो फार छोटा), तेलासाठी परात, आणि पाईपवर सैल बसेल असा वीतभर पीव्हीसी पाईपचा तुकडा. इंजिनखाली ठेवायला लाकडी ठोकळा, कारण पुढचं चाक काढल्यावर गाडी पुढे झुकते.

खोलायचा क्रम सांगा ना.

दोन गोष्टी गाडीवर असतानाच ढिल्या करायच्या, हे जो विसरतो तो पुढे तासभर झगडतो. पहिली, शॉकअपचा वरचा बोल्ट. वरच्या टीला आवळणारा बोल्ट असेल तर तो आधी ढिला करा, नाहीतर वरचा बोल्ट हलत नाही आणि त्याचं डोकं घसरतं. वरचा पूर्ण काढायचा नाही, नुसता सुटा करायचा. दुसरी, तळाचा ॲलन बोल्ट. आत स्प्रिंगचा दाब असतो तोवरच तो सरळ सुटतो.

मग चाक काढा. डिस्क असेल तर कॅलिपर सोडवून तारेने टांगा, होजवर लोंबकळू देऊ नका, आणि दोन पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सरकवा. नाहीतर कोणीतरी, बहुतेक घरातलं लहान पोर, ब्रेकचा लिव्हर दाबतं आणि पिस्टन बाहेर येतात. मडगार्ड काढा, खालच्या टीचा बोल्ट ढिला करा आणि शॉकअप डावी-उजवी फिरवत खाली ओढा. गंजलेला असेल तर येत नाही. थोडं तेल मारून दहा मिनिटं थांबा. हातोडीने पाईप ठोकू नका.

वरचा बोल्ट काढताना तोंड बाजूला ठेवा, तळहाताने दाबून धरा. आतली स्प्रिंग तो बोल्ट उडवते. स्प्रिंग बाहेर येताना तिचं कुठलं टोक वर होतं ते लक्षात ठेवा. घट्ट वेटोळ्यांची बाजू ज्या बाजूला होती तिकडेच परत जायला हवी. फोटो काढून ठेवलात तर उत्तम. ऑइल परातीत ओता, पाईप काही वेळा आत-बाहेर करून उरलेलं काढा. ते राखाडी, चमचमणारं आणि कुजका वास मारणारं असेल तर आत झीज झालीय. दुधाळ असेल तर पाणी गेलंय.

तळाचा ॲलन बोल्ट पूर्ण काढला की पाईप बॉटम केसमधून ओढून निघतो. सोबत डॅम्पर रॉड, म्हणजे आतला दांडा, येतो. त्याच्या खालच्या टोकाला ॲल्युमिनियमची एक छोटी टोपी असते, ती अनेकदा बॉटम केसच्या तळाशी चिकटून राहते किंवा तेलासोबत परातीत पडते. तेल फेकण्याआधी ती शोधा.

आता बॉटम केसच्या तोंडातली सर्क्लिप, म्हणजे सील जागेवर धरणारी तारेची कडी, काढा. तिच्याखालचं सील टायर लिव्हरने उचकटा, पण लिव्हरखाली केसच्या कडेवर लाकडाची चीप किंवा चामड्याचा तुकडा ठेवा. ॲल्युमिनियमच्या आतल्या भिंतीवर ओरखडा पडला तर तेल नव्या सीलच्या बाहेरून वाट काढतं, आणि मग ते शोधता शोधता माणूस वेडा होतो.

तळाचा बोल्ट सुटत नाही, नुसता गरगर फिरतो.

आतला डॅम्पर रॉडही सोबत फिरतोय. वरचा बोल्ट परत बसवा, कोणाला तरी शॉकअप जोराने दाबून धरायला सांगा आणि दाबलेला असतानाच फिरवा. नाही जमलं तर न्यूमॅटिक गन असलेल्या गॅरेजात फक्त तेवढा बोल्ट सोडवून आणा. चहाचे पैसे द्या, कोणी नाही म्हणत नाही.

नवीन सील बसवताना काय चुकतं?

सगळ्यात जास्त इथेच चुकतं, आणि मीही चुकलोय. उस्तादांकडे शिकत होतो तेव्हाची गोष्ट. रात्रीचे नऊ वाजले होते, गिऱ्हाईक उभं होतं आणि मी घाईत सील सरळ पाईपच्या वरच्या टोकावरून खाली सरकवलं. त्या टोकाला आत आटे असतात, कडेला धार असते. हाताला काही जाणवलं नाही. सकाळी तोच माणूस परत, पाईपवर तेलाची रेघ. उस्ताद बोलले नाहीत. त्यांनी ते सील काढलं, दोन्ही अंगठ्यांनी ओठ ताणला आणि माझ्यासमोर धरला. केसाएवढी चीर, बस. दुसऱ्या सीलचे पैसे माझ्या आठवड्याच्या पगारातून गेले.

तेव्हापासून पाईपच्या टोकावर दुधाच्या पिशवीचा स्वच्छ तुकडा गुंडाळतो, त्यावर शॉकअप ऑइल चोपडतो, सीलच्या ओठालाही लावतो आणि मग सील सरकवतो. पिशवी ओढून काढली की झालं.

सीलची दिशा: आकडे छापलेली बाजू वर, गोल स्प्रिंग दिसते ती उघडी बाजू खाली, तेलाकडे. उलटं बसवलं तर पहिल्याच खड्ड्यात गळेल.

क्रम असा. बॉटम केस डिझेलने धुऊन कोरडी केली, टोपी आणि डॅम्पर रॉड जागेवर, पाईप आत, तळाला नवा तांब्याचा वॉशर घालून ॲलन बोल्ट आवळला. मग वरून सील पाईपवर सरकवत केसच्या तोंडापर्यंत आणायचं, त्यावर जुनं सील ठेवायचं, आणि त्यावर पीव्हीसीचा तुकडा धरून चारही बाजूंनी सारखं ठोकायचं. एका बाजूने खाली गेलं तर थांबा, दुसरी बाजू खाली आणा. सील तळाला टेकलं की ठोकण्याचा आवाज बदलतो, ‘थप थप’चं ‘टण’ होतं. जुनं सील काढून बघा: सर्क्लिपची खाच पूर्ण गोल दिसली पाहिजे. अर्धी दिसत असेल तर सील अजून बसलेलं नाही. सर्क्लिप खाचेत ‘टिक’ करून बसते, ती फिरवून खात्री करा, मग डस्ट सील.

स्क्रूड्रायव्हरने टोचून टोचून सील बसवणारे बघितले की माझा जीव कासावीस होतो.

ऑइल कोणतं आणि किती?

गाडीच्या मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय ते आणि तेवढं. छोट्या गाड्यांना बहुधा १०डब्ल्यू किंवा त्याच्या आसपासचं शॉकअप ऑइल लागतं, आणि एका शॉकअपला साधारण दीडशे ते दोनशे मिलीच्या दरम्यान. पण ‘साधारण’वर भरू नका, आकडा बघा. मॅन्युअलमध्ये कधी दोन आकडे असतात: पूर्ण खोलून कोरडा केलेल्या शॉकअपसाठी एक, नुसतं ऑइल बदलण्यासाठी थोडा कमी. सील बदलताना पहिला आकडा धरा.

‘थोडं जास्त टाका, गाडी कडक होईल’ असं सांगणारी गिऱ्हाइकं रोज भेटतात. शॉकअपमध्ये तेलाच्या वर हवेची जागा ठेवलेली असते. तेल जास्त झालं की ती जागा कमी होते, खड्ड्यात शॉकअप दाबला गेला की आतली हवा जोराने सीलवर येते आणि नवं कोरं सील बाहेर ढकलते. माझ्या बघण्यात महिन्याभरात परत गळलेली जी सीलं आहेत, त्यात खड्डे पडलेल्या पाईपनंतर दुसरा नंबर याचाच.

भरल्यावर, स्प्रिंग घालण्याआधी पाईप हळूहळू दहा-बारा वेळा वर-खाली करा. बुडबुडे येणं थांबलं म्हणजे हवा निघाली. मग पाईप पूर्ण खाली दाबून दोन्ही शॉकअपमध्ये तेलाची पातळी एखाद्या काडीने मोजा. दोन्हीकडे सारखी हवी.

मेकॅनिक उरलेलं इंजिन ऑइल टाकतात. चालतं का?

गाडी चालते म्हणून चालतं म्हणतात. २०डब्ल्यू-४० हे इंजिनच्या गरमीत काम करण्यासाठी बनवलेलं, शॉकअपमध्ये ते घट्ट पडतं. डिसेंबरात निफाडची थंडी असते तेव्हा सकाळी गाडी दगडासारखी चालते. जळकं, काढलेलं इंजिन ऑइल टाकणाऱ्याकडे तर परत जाऊच नका. शॉकअप ऑइलच्या छोट्या बाटल्या कुठल्याही स्पेअरच्या दुकानात मिळतात.

सगळं बसवलं, पण शॉकअप आता अडकत अडकत चालतो.

दोन पाय एकमेकांना समांतर नाहीत. ॲक्सलचं नट आणि मडगार्डचे बोल्ट ढिले करा, गाडी स्टँडवरून काढून पुढचा ब्रेक दाबून पाच-सहा वेळा जोरात खाली-वर करा. पाय आपोआप आपली जागा घेतात. मग आधी ॲक्सल, नंतर मडगार्ड आवळा. दोन्ही पाईपची टोकं वरच्या टीशी एकाच उंचीवर आहेत ना, तेही बघा.

गाडी रस्त्यावर काढण्याआधी ब्रेकचा लिव्हर दोन-तीनदा दाबून कडक करून घ्या. पहिल्या दाबाला तो मोकळा जातो, आणि ते चौकात कळू नये.

बदलल्यावर पहिल्या दिवशी थोडं ओलं दिसतंय.

बसवताना लावलेलं तेल असतं. पुसा, पन्नास किलोमीटर चालवा, परत बघा.

पाईपवर रबरी बूट बसवावेत का?

मातीत आणि मळ्यात जाणाऱ्यांनी जरूर. खडे लागत नाहीत, उन्हाने डस्ट सील कडक होत नाही. पण त्यात शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही आणि आतल्या आत पाईप गंजतो. त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या पावसात रोज जात असाल तर महिन्यातून एकदा बूट वर करून आतून पुसा. पुसायचं नसेल तर न बसवलेले बरे.

वॉशिंग सेंटरला गाडी धुतल्याने सील जातं का?

पाण्याने जात नाही, नोझल जवळून सरळ डस्ट सीलवर धरल्याने जातं. तेवढा जोर चिखल बाहेर काढत नाही, आत ढकलतो. ‘पुढचा शॉकअप लांबून धू रे दादा’ एवढं सांगितलं तरी पुरे. घरी आल्यावर ओल्या फडक्याने पाईप पुसायचा, हे खरं तर रोजचं काम आहे. दात घासण्यापेक्षा कमी वेळ लागतो.

ॲक्टिव्हा, बुलेट, उलट्या शॉकअपच्या गाड्या?

जुन्या ॲक्टिव्हाला पुढे असा शॉकअप नव्हताच, वेगळे छोटे शॉक असायचे आणि ते गळले की अख्खे बदलायचे. २०२० च्या सहाव्या पिढीपासून तिला टेलिस्कोपिक आला, म्हणजे वरचं सगळं तिला लागू, फक्त पुढचं प्लास्टिक काढायचा वैताग जास्त. बुलेटचा पाईप जाड, आतली रचना काही मॉडेलांत वेगळी, तत्त्व तेच. उलट्या शॉकअपला, म्हणजे जाड नळी वर आणि पाईप खाली, स्प्रिंग दाबायचं वेगळं हत्यार लागतं, घरी हात घालू नका. आणि मागचे शॉकअप गळले तर छोट्या गाडीत ते सील बदलून होत नाहीत, जोडी बदलायची.

नवीन सील किती दिवस टिकावं?

पाईप चांगला असेल, ऑइल मापात असेल तर मी तीस-चाळीस हजार किलोमीटरला परत आलेल्या गाड्या बघितल्यात, आणि त्याही ऑइल बदलायला आल्या होत्या. वर्षाच्या आत परत गळलं तर मेकॅनिकशी भांडण्याआधी पाईपवर नख फिरवा. नख अडकलं नाही तर मग भांडा.

काढलेलं जुनं ऑइल कुठे टाकू?

नालीत नाही. आपल्याकडची नाली शेवटी गोदावरीत जाते. प्लास्टिकच्या बाटलीत भरा आणि कुठल्याही गॅरेजच्या जळक्या तेलाच्या ड्रममध्ये ओतायला द्या. आमच्याकडे आणलंत तरी चालेल, ड्रम दाराच्या डाव्या हाताला आहे. झाकण परत लावा, पाऊस आत जातो.